हिशेब की गणित? सातवीच्या फळ्यावर काय असावे, या प्रश्नाचा आठशे वर्षांचा इतिहास

#धागा #इतिहास #गणित

१/
देवळ्याच्या शिवारात उन्हाळ कांदा निघाला की घरोघरी एकच विचार सुरू होतो. आताच उमराण्याच्या बाजारात न्यावा, की चाळीत साठवावा? समजा, आजचा भाव क्विंटलला १,२०० रुपये आहे आणि चाळीत कांद्याचे वजन २० टक्क्यांनी घटणार आहे. पुढे किती भाव मिळाला, तर निदान आजइतकीच रक्कम हाती येईल? वाचकांनी मनात एक आकडा धरून ठेवावा. उत्तर धाग्याच्या ओघात येईल.

२/
हा प्रश्न सातवी-आठवीच्या मुलामुलींना सुटायला हवा. बहुतेकांचे पहिले उत्तर मात्र चुकते, आणि त्यात केवळ त्यांचा दोष नाही. सहावी ते आठवी या वयात गणित म्हणून काय शिकवावे, याचा निर्णय आपल्याकडे क्वचितच नीट विचार करून झाला. कधी तो बाजाराने घेतला, कधी परीक्षेने, तर कधी परदेशातल्या लष्करी शाळेने. आजचा धागा त्या इतिहासाचा.

३/
देवळ्याहून मालेगावमार्गे चाळीसगावकडे गेले की डोंगराच्या कुशीत पाटण लागते. तेथील देवीच्या मंदिरात शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ च्या सुमाराचा, एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे.

४/
भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. 'लीलावती' व 'बीजगणित' हे त्याचेच भाग. त्यांच्या अध्ययनाचा मठ म्हणजे आजच्या भाषेत उच्च गणिताची संस्था. पण तिचा खर्च कसा चाले? त्याच शिलालेखाच्या अखेरच्या, जुन्या मराठीतील भागात याचे उत्तर आहे. पाटणच्या बाजारात जो माल उघडेल, त्यावरचे ग्राहकांकडून येणारे राजाचे देणे मठाला दिलेले आहे.

५/
दामाचा विसावा भाग, सुपाऱ्या, घाण्यामागे पळी-पळी तेल अशी ही देणगी. एकाच दगडावर वर संस्कृतात ज्योतिर्गणिताची वंशावळ, खाली मराठीत बाजाराचे अपूर्णांक. शास्त्राचे गणित आणि पेठेतला हिशेब यांचे नाते इतके जवळचे होते. ग्रंथ वाचणारे आणि तेल मोजणारे मात्र वेगवेगळे लोक होते. या दोन प्रवाहांमधली दरी, हाच आपल्या विषयाचा गाभा आहे.

६/
गंमत अशी की मुळात गणिताची परिभाषाच हिशेबातून आलेली आहे. शून्याच्या वरच्या संख्येला आपण 'धन' म्हणतो, खालच्या संख्येला 'ऋण'. संपत्ती आणि कर्ज! ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन, ऋण व शून्य यांच्या क्रियांचे नियम सांगितले, ते याच शब्दांत. आजही ऋणसंख्या शिकवताना 'ऋण गुणिले ऋण बरोबर धन' हे मंत्रासारखे पाठ करून घेतले जाते. शब्दाचा अर्थ फळ्यावर क्वचितच उलगडतो.

७/
तो उलगडणे अवघड नाही. पाचशे रुपयांची तीन कर्जे माथ्यावरून उतरली, तर माणूस पंधराशे रुपयांनी सावरतो. 'उतरणे' हे पहिले ऋण, 'कर्ज' हे दुसरे, आणि हाती आलेले धन. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला हे समजायला सूत्र लागत नाही. या एका उदाहरणात हिशेब संपून गणित सुरू होते.

८/
आता पंतोजींच्या शाळेकडे येऊ. धूळपाटीवर अक्षरे, मोडीचे वाचन, जमाखर्च आणि पाढे हा तिथला अभ्यास. पाढे केवळ तीसापर्यंतचे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेही मुखोद्गत असत. औट म्हणजे साडेतीन. सात औटे साडेचोवीस हे मूल झोपेतही सांगे.

९/
हा हट्ट निरर्थक नव्हता. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. मणाचे ४० शेर, शेराचे ४ पावशेर. सारी व्यवस्था पाव, अर्धा, पाऊण यांवर उभी होती. सव्वासोळा मण धान्य, मणाला बारा रुपये. तर सोळा बारे एकशे ब्याण्णव, वर बाराचा पाव तीन, एकूण १९५. कागद लागत नाही. आपल्या काळाच्या मापांसाठी तो अभ्यासक्रम अत्यंत नेमका होता.

१०/
१८२१ मध्ये मुंबई कौन्सिलचे सभासद प्रेंडरगास्ट यांनी लिहून ठेवले, की या शाळांमुळे येथील बहुतेक शेतकरी व लहान व्यापारी स्वतःचा हिशेब ठेवू शकतात आणि ती अचूकता इंग्लंडमधील खालच्या वर्गातही आढळत नाही. हे मत पुष्कळदा अभिमानाने उद्धृत होते. पण ते एका अधिकाऱ्याचे निरीक्षण आहे. शाळेच्या ओटीवर बसण्याचीही ज्यांना मुभा नव्हती, ती मुले त्यात मोजलेली दिसत नाहीत.

११/
त्याच दशकात दुसरी धारा आली. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत मुंबईत देशी भाषांतील शालेय पुस्तकांसाठी संस्था उभी राहिली. तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे लष्करातील अभियंते होते. शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने त्यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणली. आधार होता चार्ल्स हटन यांच्या ग्रंथांचा.

१२/
हे हटन कोण? वूलिच येथील रॉयल मिलिटरी अकादमीत गणिताचे अध्यापक. त्यांचा गणित अभ्यासक्रम तोफखान्याच्या व अभियांत्रिकीच्या भावी अधिकाऱ्यांसाठी रचलेला होता. म्हणजे मराठी मुलांच्या हाती आलेल्या आधुनिक गणिताचे मूळ तोफखान्याच्या शाळेत होते! पुस्तके उत्तम होती. पण 'या मुलांना हे का शिकवायचे?' हा प्रश्न दुसऱ्याच मुलांसाठी, दुसऱ्याच देशात सुटलेला होता.

१३/
तरीही या पुस्तकांनी मराठीला मोठे देणे दिले. मराठीत सिद्धता मांडता येते, समीकरण सोडवता येते, हे त्यांनी दाखवले. पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांनी मराठी शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिले. कुलाबा वेधशाळेत घडलेला हा गणिती पुढे डेक्कन कॉलेजात अध्यापक झाला. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. शास्त्र आणि शालेय पाठ्यपुस्तक या दोहोंत सारख्याच आस्थेने वावरणारी अशी माणसे मोजकीच.

१४/
१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिले. खेड्यातल्या प्राथमिक शाळेत काय शिकवावे, याची यादीच त्यात आहे. वाचन, मोडी व बाळबोध लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल व व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे काही पाठ. शेतसारा भरणाऱ्या रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण चालते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

१५/
फुल्यांच्या यादीत हिशेब आहे, बीजगणित नाही. याचा अर्थ शेतकऱ्याच्या मुलाला बीजगणित नको, असा काढणे अन्यायाचे होईल. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये अक्षरशत्रू कुणब्याची कागदोपत्री होणारी लूट त्यांनी मांडली. ज्याला खतावरचा आकडा वाचता येत नाही, त्याला आधी आकडा हवा. हिशेब ही संरक्षणाची पहिली भिंत होती. घर त्यापुढे बांधायचे होते.

१६/
ते घर मात्र बांधले गेले नाही. मराठी शाळेची सातवी म्हणजे 'व्हर्नाक्युलर फायनल'. ही परीक्षा उत्तीर्ण झाली की प्राथमिक शिक्षक, तलाठी अशा नोकऱ्यांची वाट खुली होई. 'फायनल पास' हा खेड्यातला मोठा सन्मान. तिथले गणित म्हणजे त्रैराशिक, व्याज, भागीदारी, नफा-तोटा, क्षेत्रफळ. अवघड, कसदार, पण शेवटपर्यंत हिशेबच.

१७/
दुसरी वाट इंग्रजी शाळेची. मराठी चौथीनंतर जो तिकडे वळे, त्याला पुढच्या इयत्तांत बीजगणित भेटे, युक्लिडची भूमिती भेटे, आणि त्यातून मॅट्रिक व कॉलेज. फी, अंतर आणि जात यांनी ठरवले की कोण कोणत्या वाटेने जाणार. बाराव्या-तेराव्या वर्षी एकाला 'किती?' शिकवले गेले, तर दुसऱ्याला 'का?'. महाराष्ट्रातल्या गणितभयाचे एक मूळ या फाट्यावर आहे, असे मला वाटते.

१८/
याच नाशिक जिल्ह्यात एका शाळामास्तराने ही दरी एकट्याने ओलांडली. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी १९३० ते १९६२ देवळाली येथे शाळेत शिकवले. (देवळा आणि देवळाली ही गावे वेगळी, जिल्हा एकच.) विद्यापीठातले पद नाही, पदव्युत्तर पदवी नाही. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मधील सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगाला हे नाव ठाऊक झाले.

१९/
कापरेकरांचा ६१७४ करून पाहावा. सारे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा आणि वजाबाकी करा. ५४३२ - २३४५ = ३०८७. पुन्हा ८७३० - ०३७८ = ८३५२. पुन्हा ८५३२ - २३५८ = ६१७४. पुढे तोच आकडा येत राहतो. कोणतीही संख्या घेतली तरी फार तर सात पायऱ्यांत हाच मुक्काम.

२०/
येथे लागते केवळ तिसरीची वजाबाकी. पण 'असे का होते?' आणि 'नेहमीच होते का?' हे प्रश्न मनात आले, की मूल गणिताच्या अंगणात उतरले. माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावरचे गणित असेच असायला हवे. साधने हिशेबाची, प्रश्न शास्त्राचा. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. खडू, फळा आणि घाई नसलेला शिक्षक पुरतो.

२१/
स्वातंत्र्यानंतर मापेच बदलली. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ १९६२ पर्यंत मेट्रिक वजने-मापे देशभर अनिवार्य झाली. आणे गेले, शेर गेले आणि हळूहळू पावकी-औटकीही शाळेतून गेली. दशमान पद्धत सोपी होती, हे निर्विवाद. पण जुन्या पाढ्यांनी दिलेली एक देणगी तिच्यासोबत लोपली. अपूर्णांक ही एक जिवंत, हाताळता येणारी संख्या आहे, ही जाणीव.

२२/
परिणाम आजही दिसतो. ०.२५ वाचता येते, पण तो 'पाव' आहे हे पटकन उमगत नाही. भोवतालचे जग मात्र अजून मिश्र आहे. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, बोलण्यात एकर-गुंठे. कांदा क्विंटलमध्ये, सोने तोळ्यात. एका मापातून दुसऱ्यात ये-जा करणे, म्हणजेच प्रमाण समजणे, ही गरज कमी झालेली नाही. ती शिकवण्याचे जुने साधन गेले आणि नवे पुरेसे रुजले नाही.

२३/
१९६६ मध्ये कोठारी आयोगाने पहिल्या दहा वर्षांच्या शिक्षणात गणित सर्वांना अनिवार्य असावे, अशी शिफारस केली. १९६७ मध्ये पुण्यात 'बालभारती' स्थापन झाली. फायनल आणि मॅट्रिक या दोन वाटा कागदावर एक झाल्या. देवळ्यातल्या मुलीच्या आणि पुण्यातल्या मुलाच्या दप्तरात एकच पुस्तक आले. ही लहान गोष्ट नव्हे. सामाजिक न्यायाच्या इतिहासात तिची नोंद हवी.

२४/
पण पुस्तक एक झाले, तरी 'सर्वांना किती?' हा वाद मिटला नाही. दहावीला काही वर्षे 'सामान्य गणित' हा सोपा पर्याय होता, नंतर तो बंद झाला. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही दहावीला गणित ऐच्छिक ठेवता येईल का, अशी विचारणा केली होती. अनुत्तीर्ण होणाऱ्या मुलांविषयीची कळकळ खरीच. मात्र दहावीत दिसणारी जखम बहुधा सहावी-सातवीत झालेली असते.

२५/
२०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' असे संख्यावाचन आले आणि महाराष्ट्र ढवळून निघाला. विधिमंडळापासून व्यंगचित्रांपर्यंत चर्चा झाली. समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे भूमिका मांडली, की जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले अडखळतात. मत कोणतेही असो, समाज गणिताच्या पुस्तकावर बोलला, हे चांगलेच झाले. सातवीच्या पुस्तकावर मात्र आपण असे कधी भांडलो नाही.

२६/
आता कांद्याचा प्रश्न. २० टक्के घट म्हणून भाव २० टक्के वाढावा, म्हणजे १,४४०, असे अनेकांनी मनात धरले असेल. पडताळून पाहू. १०० क्विंटलचे उरले ८० क्विंटल. ८० गुणिले १,४४० म्हणजे १,१५,२००. आज मिळणारी रक्कम १,२०,०००. प्रत्येक शंभर क्विंटलमागे ४,८०० रुपयांची तूट! बरोबर भाव १,५००, म्हणजे २५ टक्के वाढ. यात साठवणुकीचा खर्च धरलेलाच नाही.

२७/
पुढे तर चित्र आणखी बोलके होते. घट १० टक्के असेल तर भाव सुमारे ११ टक्के वाढायला हवा. ३० टक्के घटीला सुमारे ४३ टक्के, आणि ५० टक्के घटीला थेट दुप्पट भाव. घट सारख्या पायऱ्यांनी वाढते. लागणारा भाव मात्र उसळ्या घेत वाढतो. पावकी-निमकीने हे उमगत नाही. त्यासाठी 'भाव' या अज्ञात राशीला एक अक्षर द्यावे लागते, समीकरण मांडावे लागते, आलेख काढावा लागतो.

२८/
म्हणून सहावी ते आठवीत काय असावे, याचे उत्तर इतिहासच सुचवतो. पंतोजींकडून अपूर्णांकांशी सलगी आणि तोंडी अंदाज. लीलावतीकडून त्रैराशिक, म्हणजे प्रमाणाचा विचार. फुल्यांकडून टक्केवारी, व्याज आणि हिशेबपट्टी वाचण्याची ताकद. भास्कराचार्यांच्या बीजगणिताकडून अक्षराला संख्येचे स्थान देण्याचे धाडस. कापरेकरांकडून 'का?' विचारण्याची सवय. आणि आपल्या काळाकडून आलेख व आकडेवारी पारखण्याची दृष्टी.

२९/
यात नवे असे थोडेच आहे, आणि बहुतेक घटक आजच्या पुस्तकांत आहेतही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासोबतच्या गणितविषयक निबंधानेही मुलाच्या विचारप्रक्रियेचे गणितीकरण हे मुख्य उद्दिष्ट मानले. उणीव आहे ती सांधण्याची. टक्केवारीचा धडा आणि समीकरणाचा धडा यांच्यामध्ये मूल चालत गेले पाहिजे. आज ते एका पानावरून दुसऱ्या पानावर उचलून ठेवले जाते.

३०/
पाटणच्या शिलालेखात बाजाराने मठाला तेल दिले. मठातले गणित बाजारातल्या घाण्यापर्यंत कितपत पोहोचले, हे तो दगड सांगत नाही. आठशे वर्षांनी ते देणे फेडण्याची जागा एकच, सहावी ते आठवीचा वर्ग. तेथे शेतकऱ्याच्या मुलीला हिशेबही आला पाहिजे आणि त्या हिशेबामागचे कारणही. दोहोंपैकी एकच देऊन तिची बोळवण करणे, ही जुनी सवय आता पुरे.

धागा येथे संपतो. आपल्या घरी कोणाला पावकी, सवायकी वा औटकी अजून म्हणता येत असेल, तर ती मुलांकडून लिहून घ्या आणि खाली जरूर कळवा. तसेच आपल्या मुलांना कांद्याचे गणित घालून पाहा. पहिले उत्तर काय आले, तेही सांगा.